आग्रहाची खीळ

सोमवार, २ फेब्रुवारी १९५९

मानवजातीवर कोसळलेल्या संकटांची यादी कुणी करायला घेतलीच, तर पूर, दुष्काळ आणि प्लेग यांच्या खालोखाल माझ्या जेवणाच्या डब्याची कडी यावी, अशी माझी नम्र मागणी आहे. चार खणांचा पितळी डबा. त्याच्या कडीत एक बारीक खीळ असते, ती शनिवारी कुठेतरी पडली. आज मल्लेश्वरमच्या बसमध्ये डब्याने आपण होऊन तोंड उघडलं. आमटी आधी माझ्या मांडीवर आली आणि तिथून सावकाश, सरकारी चालीने, मांडीवरच्या कागदांत शिरली. कागदांवर मी सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं : 'संभाव्य चुका व अडथळे : पूर्वनियोजन'. चाळीस चुका होत्या. आमटी त्यांत नव्हती.

वसुमतीने संध्याकाळी डबा सुतळीने बांधून दाखवला. म्हणाली, "लग्नातला आहे, टाकायचा नाही. चिकपेटेच्या बाजारात मिळेल तशी खीळ." चिकपेटेत सगळं मिळतं, फक्त गेल्या खेपेचं दुकान परत सापडत नाही.

ही यादी म्हणजे माझी नवी नोकरी. वर्क्स मॅनेजर हयवदन राव यांनी पंधरवड्यापूर्वी बोलावून सांगितलं, "मिस्टर दातार, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. यापुढे त्याचाच पगार घ्या." आमचा कारखाना साखळीचे हॉइस्ट बनवतो. बाजारात त्याला चेनपुली म्हणतात. एक माणूस हाताने साखळी ओढतो आणि टनाचा दगड वर चढतो. खाली बहुधा दुसरा माणूस उभा असतो. माझी नेमणूक त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज ब्रेकच्या बाकावर बसलो. तिथला फिटर व्यंकोजी, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा. घराणं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आलं, तेव्हापासून इथेच. त्याचं मराठी माझ्याहून जुनं आहे. जेवताना लागावेत तसे मधूनमधून कानडी खडे लागतात, एवढंच.

ब्रेकच्या नटांतून स्प्लिट पिना घालतात. दुमडलेल्या तारेची खीळ; नटाच्या भोकातून आरपार न्यायची आणि मागे तिचे पाय फाकवायचे. मग नट फिरत नाही. एका हॉइस्टला अशा तीन. तिसरी हातचाकामागे, अडचणीत. डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटाला कळते.

"ही तिसरी राहिली तर?" मी विचारलं.

"राहिली तर काही होत नाही."

"काही होत नाही?"

"पहिल्या दिवशी होत नाही साहेब. दुसऱ्या दिवशी पण नाही. नट एकदम सुटत नाही की. दर ओढीला स्वल्प स्वल्प मागं येतो. माणूस म्हणतो, बेस चाललंय. मग एक दिवस ब्रेक धरत नाही."

आमच्याकडे स्वल्प हा शब्द विरामापुरता उरला आहे. इथे तो रोजच्या वापरात आहे. यादीत एक्केचाळिसावी चूक लिहिली.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सापडलं. कारखान्यात नव्हे, जेवताना.

आतापर्यंत बाकावर सुट्या भागांचे ढीग असत. काम संपल्यावर ढिगात एक नट जास्त उरला काय आणि कमी उरला काय, कुणाला कळणार? आज घरी वसुमतीची मावशी जेवायला होती. ताट वाढताना मी पाहत होतो. वर मीठ, शेजारी लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. लिंबाची जागा रिकामी दिसली आणि मावशी न बोलता नुसतं तिकडे बघत राहिली. वसुमती लिंबू घेऊन आली.

उद्यापासून प्रत्येक हॉइस्टला त्याचं ताट. लाकडी, त्रेचाळीस भागांना त्रेचाळीस खोबणी. स्टोअरकीपर वाढपी, मोजून वाढणार. ताट रिकामं झालं म्हणजे काम पुरं. ताटात काही उरलं म्हणजे हॉइस्टच्या पोटात तेवढं कमी. मग उघडा आणि घाला. यापेक्षा सोपं काही कुणी मला दाखवावं.

हयवदन रावांना 'ताट' हा शब्द फार आवडला. दोनदा म्हणून पाहिला. दोन्ही वेळा 'थाट' म्हणाले.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

दहा दिवसांत ताटांनी तीन चुका पकडल्या. तिन्ही हॉइस्ट जागच्या जागी उघडले आणि दुरुस्त झाले.

मी त्यावर एक कळस चढवला. दाराशी फळा लावून त्यावर तैलरंगात मथळा काढून घेतला : 'आजचे उष्टे'. ताटात ज्याचं काही उरेल त्याचं नाव दिवसभर खडूने. आज पहिला मान व्यंकोजीचा. तिसरी खीळ उरली होती. सगळे चहाला जमले होते, त्यांच्यादेखत मी म्हणालो, "व्यंकोजीराव, तीनशे वर्षं या मुलखात जेवताय आणि अजून ताट साफ करता येत नाही?"

हशा चांगला पिकला. रंगखात्यातली माणसंसुद्धा फळा बघायला आली. व्यंकोजीने हॉइस्ट उघडला, खीळ घातली, पाय फाकवले, झाकणाचे सहा स्क्रू परत आवळले. मग हात पुसून म्हणाला, "सरी, साहेब."

घरी सांगितलं. म्हटलं, चूक कबूल केली त्याने. 'सरी' म्हणजे 'बरोबर'. वसुमती भाजीवाल्यांशी रोज कानडीत भांडते. ती म्हणाली, "बरोबर असंही होतं. आणि नुसतं 'ऐकलं' असंही होतं. भाजीवाला मला रोज म्हणतो. भाव कधी उतरवत नाही."

शुक्रवार, १३ मार्च

आठवड्याला पाच हॉइस्ट होत होते. सोमवारपासून दहा. हयवदन रावांचा हुकूम. कुणाची तरी दिल्लीहून भेट आहे.

त्यातच आज व्यंकोजीच्या हातून एक खीळ सटकली आणि मोरीत गेली. ताटात मोजून तीन. स्टोअरकीपर बँकेत गेलेला, कुलूप लावून. एका दिडकीच्या खिळीसाठी सगळं खातं पाऊण तास हात बांधून बसलं. राव माझ्याकडे बघत होते. अडथळ्यांचं पूर्वनियोजन माझ्याकडे आहे, हे त्या नजरेत पुरतं मावलं होतं.

तेव्हा नवा नियम. दर ताटात एक खीळ जास्त. तीनऐवजी चार. पाहुण्याला आपण एक पोळी आग्रहाची वाढतोच, तशी आग्रहाची खीळ. एखादी पडली तरी काम थांबायला नको.

व्यंकोजीने विचारलं, "आणि पडली नाही तर? ती चौथी ताटात राहणार की साहेब. मग फळ्यावर नाव?"

मी घाईत होतो. म्हणालो, "आग्रहाचं वाढलेलंही संपवायचं असतं, व्यंकोजीराव. घरी शिकवलं नाही?"

पुन्हा हशा. त्याने मान हलवली. सरी, म्हणाला.

शनिवार, २८ मार्च

दोन आठवडे फळा कोरा. काम दुप्पट आणि उष्टं शून्य. हयवदन रावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. या गृहस्थाने आजवर फक्त नव्या मोटारीवर हात ठेवलेला मी पाहिला आहे.

वसुमतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पंगतीत एकानेही काही टाकलं नाही म्हणजे एक तर स्वयंपाक फार छान, नाहीतर पाठीमागची खिडकी उघडी."

वाक्य चांगलं आहे. कुठेतरी वापरीन.

गुरुवार, २ एप्रिल

डब्याचा प्रश्न मिटला. दुपारी ब्रेकच्या बाकाजवळून जात होतो, सुतळी सुटली आणि वरचा खण कलला. व्यंकोजी आज खुशीत होता. त्याचा धाकटा भाऊ मालोजी होसकोट्याकडे विहिरी खोदण्याचे मक्ते घेतो. त्याने आमचा एक हॉइस्ट नोंदवला होता, चाळीस फुटांची साखळी मुद्दाम लावून. तो आजच पुरा झाला होता.

"आमच्या तम्माचं, धाकट्याचं काम साहेब. देव्हारा करावा तसा केलाय," व्यंकोजी म्हणाला. मग माझा डबा हातात घेऊन कडी न्याहाळली, समोरच्या ताटातून एक खीळ उचलली, आरपार घातली आणि पकडीने पाय फाकवले. "घ्या. आता तुम्ही पडाल, हा उघडणार नाही."

"ताटातली?"

"आग्रहाची," तो म्हणाला. दोघेही हसलो.

वसुमती हसली नाही. "कारखान्याची वस्तू घरी कशाला?"

"उसनी आहे म्हण. चिकपेटेतून दुसरी आणली की परत देतो."

"उसनं विसरायचं नसतं," ती म्हणाली. एका खिळीसाठी.

मंगळवार, १४ एप्रिल

देवनहळ्ळीच्या एका दगडखाणीच्या मक्तेदाराचं पत्र. आमचा हॉइस्ट 'मधेच वीतभर घसरतो आणि आपोआप थांबतो'. एकदा कुणी येऊन बघून जावं.

उत्तर मीच लिहिलं. 'वीत हे माप आमच्या कारखान्यात चालत नाही. घसरून पुन्हा आपोआप थांबणाऱ्या यंत्राची तक्रार करावी की कौतुक, हे आपणच ठरवावे. तूर्त आपला माणूस दुपारी साखळी झोपेत ओढत नाही ना, एवढे पाहावे.' हयवदन राव वाचून हसले आणि सही केली.

सोमवार, २० एप्रिल

फळा अजून कोरा. पाच आठवडे. आज त्याच्याजवळून जाताना उगाचच थबकलो. इतक्या दिवसांत एकाच्याही ताटात काही उरू नये? आग्रहाची चौथी खीळसुद्धा? पण ती संपते, हे उघडच आहे; ताटं रिकामी परत येतात.

व्यंकोजी आता दोन ताटं शेजारी मांडून काम करतो. दहाचा आकडा गाठायचा तर दुसरा इलाज नाही. पिढीजात तंबाखू त्याने पाडव्याला सोडली म्हणतात. डबी मात्र खिशात आहे. चालताना वाजते.

शनिवार, २५ एप्रिल

देवनहळ्ळीहून माणूस आला. काल सकाळी दगड सुटला. वीतभर नाही, सगळा. खाली उभ्या असलेल्या पाथरवटाचा पाय सापडला. शहरातल्या इस्पितळात घोट्याच्या वर कापला.

त्या माणसाने हातगाडीवरून हॉइस्ट आणला होता, आणि खिशातून माझं पत्र. दोन्ही माझ्या टेबलाशी ठेवलं. भांडला नाही. म्हणाला, "हे पण तुमचंच."

झाकण उघडलं. हातचाकामागचा नट शेवटच्या आट्यावर. तिसऱ्या खिळीच्या भोकात तेल होतं आणि पलीकडचा उजेड दिसत होता.

पत्र पुन्हा वाचलं. वाक्यं चांगली आहेत. अजूनही चांगलीच वाटतात, हे त्यातलं सर्वांत वाईट.

सोमवार, २७ एप्रिल

सकाळी व्यंकोजीला बोलावलं. काही विचारलं नाही, त्याच्या खिशाकडे बोट केलं. त्याने डबी काढून टेबलावर उपडी केली. खिळी. ढीगभर.

"या कशा?"

"आग्रहाच्या, साहेब."

"परत का नाही केल्या स्टोअरला?"

"ताटातलं परत देतात? आणि ताटात ठेवलं तर फळा." तो माझ्याकडे बघत नव्हता. "माझा जावई रंगखात्यात आहे. त्या दिवशी त्यानं माझं नाव वाचलं. घरी काही बोलला नाही. लेकीनं पान वाढलं तेव्हा मी काही टाकतो काय म्हणून दोघं बघत होते."

मी ढिगातली एक खीळ उचलली.

"टाकल्या नाहीत एक पण. खाली पडल्या त्या पण उचलल्या. अन्न आहे ते. तुम्हीच म्हणालात, संपवायचं."

हो. मीच म्हणालो. चौथी खीळ दर ताटात उरणारच होती. तेव्हा एक उरली म्हणजे एक कमी, हा हिशेब मी माझ्याच हाताने बुडवला. वर उरलेलं दाखवायची लाज घातली. शेजारी दोन ताटं, हाताला घाई. कधी एक उरली, कधी दोन, आणि सगळ्या न बघता डबीत.

आम्ही मोजलं. आग्रह सुरू झाल्यापासून साठ हॉइस्ट झाले, म्हणजे डबीत साठ खिळी हव्यात. निघाल्या सत्तर. मी पुन्हा मोजल्या. मग त्याने कानडीत मोजल्या. कानडीतही सत्तरच.

दहा हॉइस्ट खिळीवाचून फिरताहेत. एक देवनहळ्ळीचा सापडला. राहिलेले नऊ कुठले, ते त्याला माहीत नाही आणि मलाही नाही. साठही एकसारखे हिरवे रंगवले आहेत.

शनिवार, ९ मे

दोन आठवड्यांत दोन वेळा धड जेवलो असेन. गोदामात चाळीस होते. उघडले, सहांत खीळ नव्हती. बाहेर गेलेले वीस. तुमकूर, म्हैसूर, कुठे बैलगाडीनेसुद्धा गेलो, व्यंकोजी बरोबर. एकोणीस पाहिले. देवनहळ्ळीचा धरून चार निघाले. एकूण दहा.

विसावा मालोजीचा, होसकोट्याजवळ विहिरीवर. त्याने निरोप धाडला की पाणी दोन हातांवर आलंय, पावसाआधी लागलं नाही तर मक्ता गेला. यंत्र आत्ता उतरवणार नाही. शिवाय अण्णाच्या हातचं आहे, त्यात काय बघायचं?

हयवदन रावांनी फाइल मिटली. "दहा हवे होते, दहा मिळाले. हिशेब जुळला की थांबावं, मिस्टर दातार."

व्यंकोजीही म्हणाला, "ते तर मी स्वतः बोट घालून बघितलंय साहेब. मला वाटतं."

शेवटचे दोन शब्द तो हळू बोलला. हिशेब जुळला आहे. आज बऱ्याच दिवसांनी झोप लागावी.

सोमवार, ११ मे

संध्याकाळ आहे. लिहून ठेवतो.

दुपारी साडेबाराला डबा काढला. कडी उघडायला खीळ चिमटीत धरली, आणि तशीच धरून बसलो.

डबीत सत्तर. ही त्यांत नाही.

एकाहत्तर, आणि त्यांतल्या साठ आग्रहाच्या. म्हणजे दहा नव्हे, अकरा. आणि साठांतला एकच न उघडलेला.

न जेवता डबा तसाच उचलून ब्रेकच्या बाकाशी गेलो. व्यंकोजी भाकरी सोडत होता. मी डबा त्याच्यासमोर ठेवला आणि कडीवर बोट ठेवलं. त्याने पाहिलं. आधी काही कळलं नाही. मग त्याचे ओठ हलले, सत्तर, एकाहत्तर.

"ही मी कधी दिली तुम्हाला?"

त्याची त्यालाच आठवण झाली.

"तम्माचा हॉइस्ट केला त्या दिवशी," तो म्हणाला आणि खाली बसला. मग लगेच उठला. भाकरी तशीच राहिली. त्याच्या पानात काही टाकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रजेचा कागद लिहिला नाही, डबा तसाच काखेत. होसकोट्याची बस स्टँडवर अर्धा तास इंजिन धडधडत उभी होती. ड्रायव्हर विडी ओढत होता. वाटेत व्यंकोजी एकदाच बोलला, "तीन माणसं असतात खाली. कधी चार." हॉइस्टवर रोज किती ओढी होत असतील, ते मी मोजायचा प्रयत्न केला. सव्वा महिना. स्वल्प स्वल्प. गुणाकार पुरा केला नाही.

गावाबाहेर मैलभर चालत गेलो. विहिरीवर लाकडी तिपाई, तिला आमचा हिरवा हॉइस्ट. अर्ध्यावर एक दगड लटकत होता, बैलाएवढा. ओढणारे झाडाखाली चहा पीत होते. मी काठावरून वाकून पाहिलं. खाली ओल्या मुरुमावर तीन माणसं बसली होती. ऊन थेट आत उतरत होतं, म्हणून ती दगडाच्या सावलीत सरकून बसली होती.

मालोजी हसत पुढे आला. "काय अण्णा, साहेबाला पाणी दाखवायला आणलंस?"

"माणसं वर काढ."

"दगड वर येऊ दे की आधी."

"दगडाला हात लावू नको. आधी माणसं."

"अण्णा, मध्ये काम थांबवून कसं? तुझ्याच हातचं यंत्र आहे."

"म्हणून सांगतो," व्यंकोजी म्हणाला.

मालोजीने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली हाक मारली. दोरी सोडली. पहिला कुरकुरत आला. दुसरा आला. तिसरा अर्ध्यावरून परत उतरला. त्याची पाण्याची चरवी राहिली होती. दगडाखाली गेला, चरवी घेतली, विसळली, कमरेला बांधली, मग चढला. तेवढ्या वेळात मी माझ्या यादीतल्या एक्केचाळीस चुका आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवली नाही.

मग व्यंकोजीने सगळ्यांना मागे सारलं आणि दगड खाली सोडायला साखळी स्वतः धरली. तीन ओढी नीट गेल्या. चौथीला दगड एकदम घसरला आणि थांबला. वीतभर. ते माप आमच्याकडे आता आहे. एक हात, दोन हात, पुन्हा एक वीत, असं करत दगड एकदाचा तळाला टेकला.

झाकण उघडलं. तिसऱ्या खिळीची जागा रिकामी. व्यंकोजीने नटाला नुसतं बोट लावलं. तो फिरला आणि त्याच्या तळहातात आला.

मी डब्याच्या कडीतून माझी खीळ काढून पुढे केली. त्याने मान हलवली. "वापरलेली चालत नाही साहेब. एकदा पाय फाकले की ती खीळ संपली." बाकावरच्या ताटातल्या कोऱ्या खिळी त्याने खिशातून आणल्या होत्या. नट आवळला, खीळ घातली, पाय फाकवले, बोट घालून पाहिलं. मला म्हणाला, "तुम्ही पण बघा." मी बोट घातलं. होती.

निघताना मालोजी भावाच्या पाया पडायला वाकला. व्यंकोजीने पाय मागे घेतले.

मंगळवार, १२ मे

सकाळी वसुमतीने न विचारता डबा सुतळीने बांधला. दोन गाठी मारल्या. "उसनं देणार ना आज?" म्हणाली. काल काय झालं ते मी तिला पुरतं सांगितलेलं नाही.

भोंग्याआधी पोचलो. ओल्या फडक्याने फळा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. वरचा मथळा तैलरंगाचा, तो निघाला नाही. सुताराला सांगून फळाच उतरवला. ताटांतली चौथी खीळ बंद केली. हयवदन रावांना अकराव्याचं लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि माझ्याऐवजी खिडकीकडे पाहिलं. देवनहळ्ळीच्या पाथरवटाचं नाव कुठल्याच पत्रात नव्हतं. इस्पितळात जाऊन विचारून घेतलं : मुनियप्पा. माझ्या यादीत त्याच्यासाठी रकाना नाही. पाडायला घेतला, वर काय लिहावं ते सुचलं नाही.

दुपारी व्यंकोजी सत्तर खिळी स्टोअरला परत करायला निघाला होता. मी वाटेत त्याला थांबवलं आणि खिशातली खीळ काढली. वाकडे पाय, आमटीचा पिवळा डाग. त्याने डबीचं झाकण उघडून पुढे धरलं. मी ती आत टाकली. बारीक आवाज झाला.

त्याने मोजल्या नाहीत. झाकण लावलं.

"सरी, साहेब," म्हणाला.

कुठल्या अर्थाने, ते मी विचारलं नाही.